डेकवर कंटेनरांचे मनोरे, तरी जहाज उलटत का नाही?

तुमचे प्रश्न तीन आहेत. न्हावा शेव्याला येणाऱ्या जहाजांच्या डेकवर सात-आठ थर कंटेनर रचलेले दिसतात, मग ती वाऱ्यापावसात उलटत कशी नाहीत? ती उलटत नाहीत, तर आजीकडून ऐकलेली ‘रामदास’ बोट का उलटली? आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या माणसाने लाँचमध्ये बसताना काय बघावं?

जहाजांच्या स्थिरतेची गणितं करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी मुद्दा सांगून टाकतो. नुसत्या बाहेरच्या लाटेने जहाज उलटल्याची उदाहरणं त्या मानाने थोडी. आत जे जागा सोडतं त्याने उलटल्याची भरपूर: पाणी, माल, माणसं. नाहीतर आत काय कुठे आहे हे कागदावर चुकीचं मांडलेलं असतं, आणि उंचीचा दोष त्यानंतर येतो.

जहाजाचं सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतं असं धरतात. त्याला आम्ही ‘जी’ म्हणतो. पाणी ज्या बिंदूतून वर ढकलतं तो ‘बी’, म्हणजे बुडालेल्या भागाच्या आकारमानाचा मध्य. जहाज सरळ उभं असताना हे दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. आता जहाज उजवीकडे कललं समजा. माल नीट बांधलेला असेल तर जी जागचा हलत नाही. पण उजवी बाजू पाण्यात जास्त शिरते, डावी बाहेर येते, म्हणून बी उजवीकडे सरकतो. तिथून उभी रेषा वर काढली की ती जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू ‘एम’, मेटासेंटर. जी या एमच्या खाली असेल तर वजन आणि पाण्याचा रेटा मिळून जहाजाला परत सरळ करतात. वर असेल तर दोघं मिळून त्याला आणखी पाडतात. जीपासून एमपर्यंतचं अंतर म्हणजे जीएम, आणि कुठल्याही जहाजाच्या चीफ ऑफिसरला, म्हणजे कप्तानाच्या खालोखालच्या अधिकाऱ्याला, झोपेतून उठवून विचारलं तरी आजची जीएम किती ते त्याला सांगता आलं पाहिजे.

ही कल्पना पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1746 मध्ये छापून मांडली. हा माणूस पृथ्वीचा आकार मोजायच्या मोहिमेवर अँडीज पर्वतात गेला होता आणि जहाजांवरच्या त्या ग्रंथाचा बराचसा भाग त्याने तिथल्या मुक्कामात लिहिला. समुद्रापासून इतक्या उंचीवर बसून जहाजबांधणीचं सगळ्यात महत्त्वाचं सूत्र सुचावं याची मला अजून मजा वाटते.

लोकांचा घोटाळा होतो तो इथे: जी हा बीच्या खाली असायला हवा असं बहुतेकांना वाटतं. तसं काही नाही. मालवाहू जहाजांत जी बीच्या बराच वर असतो आणि तरी जहाज ठणठणीत असतं. तो फक्त एमच्या वर जाता कामा नये. आणि एम किती उंच हे ठरवते रुंदी. बीपासून एमची उंची, खोक्याच्या आकाराच्या जहाजासाठी, रुंदीचा वर्ग भागिले ड्राफ्टची बारापट इतकी असते. ड्राफ्ट म्हणजे पाण्याखालची खोली. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून जाणारं जहाज साधारण 32 मीटर रुंद असतं. ड्राफ्ट 11 मीटर धरला तर 1024 भागिले 132, म्हणजे पावणेआठ मीटरच्या आसपास. बी तळापासून साडेपाच मीटरवर. म्हणजे एम तळापासून सव्वातेरा मीटरवर. आता ‘एव्हर गिव्हन’ घ्या, 2021 मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं ते. लांबी 400 मीटर, रुंदी जवळपास 59. ड्राफ्ट 15 धरून हाच हिशोब केला तर एम येतो तळापासून साधारण 27 मीटरवर. खरं जहाज काही चौकोनी खोका नसतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा तीच. रुंदी दुप्पट केली की बीपासून एमचं अंतर चौपट होतं. मनोरे उंच होत गेले तशी जहाजं रुंदही होत गेली, ती याचसाठी.

तुम्हाला किनाऱ्यावरून दिसतो तो मनोरा. न दिसणारा भाग जास्त महत्त्वाचा. डेकच्या खाली होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या पोटात, आणखी आठ-दहा थर असतात आणि जड कंटेनर शक्यतो तिथे. त्याखाली दुहेरी तळ, ज्याला आम्ही डबल बॉटम म्हणतो, त्यात बॅलास्टचं पाणी, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून वजनासाठी घेतलेलं पाणी. इंजिन तळाशी. डेकवरचे सगळ्यात वरचे थर बहुतेकदा रिकाम्या नाहीतर हलक्या कंटेनरांचे. वीस फुटी रिकामा कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, भरलेला वीस-पंचवीस टनांच्या पुढे जाऊ शकतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून डोळ्याला वाटतं की वरच सगळं वजन आहे.

पण हा सगळा डोलारा कंटेनरचं वजन खरं सांगितलं आहे या एका गृहीतावर उभा असतो, आणि वर्षानुवर्षं ते खरं सांगितलं जात नव्हतं. 2007 मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नेपोली’चा सांगाडा वादळात फुटला. पुढे तिच्यावरचे कंटेनर वजनाला लावले, तर बऱ्याच कंटेनरांचं वजन कागदाशी जुळेना. शेवटी 1 जुलै 2016 पासून जगभर नियम आला: वजन करून दाखला दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवायचा नाही. हा नियम इतका उशिरा यावा हे मला आजही पटत नाही. ट्रकला वजनकाटा आहे, लिफ्टला पाटी आहे, आणि दोन लाख टनांच्या जहाजाला आपण शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, शब्दावर सोडत होतो.

मग जीएम जितकी मोठी तितकं चांगलं का? नाही. जहाज एका बाजूला कलून, दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला जो वेळ घेतं तो अंदाजे रुंदीच्या 0.8 पट भागिले जीएमचं वर्गमूळ. 32 मीटर रुंदीच्या जहाजाची जीएम 1 मीटर असेल तर डोलायला पंचवीस-सव्वीस सेकंद. जीएम 4 मीटर केली तर तेरा सेकंदांच्या आत. हे दुसरं जहाज उलटायला भयंकर कठीण, पण ते दर हेलकाव्याला असा झटका देतं की वरच्या थरांना बांधून ठेवणाऱ्या लॅशिंगच्या सळया तुटतात, कंटेनरचे कोपरे दबतात, आणि रांगच्या रांग समुद्रात जाते. जानेवारी 2019 मध्ये ‘एमएससी झोई’ने नेदरलँडच्या उत्तरेला 342 कंटेनर गमावले. त्या जहाजाची जीएम मोठी होती आणि तिथल्या उथळ पाण्यातल्या बाजूने येणाऱ्या लाटांत ते वेगाने डोलत होतं. जहाजाला काही झालं नाही. माल किनाऱ्याला लागला.

कमी जीएमचं जहाज वेगळ्या तऱ्हेने त्रास देतं. 1998 च्या ऑक्टोबरमध्ये ‘एपीएल चायना’ पॅसिफिकमध्ये वादळात सापडलं. लाटा समोरून येत होत्या. अशा वेळी जहाजाने पुढे-मागे हेलकावावं, बाजूला नव्हे. तरी ते बाजूला प्रचंड कोनात डोलायला लागलं आणि शेकडो कंटेनर गेले. कारण शोधल्यावर निघालं असं: आधुनिक कंटेनर जहाजाचा पुढचा आणि मागचा भाग वर पसरट आणि खाली निमुळता असतो. लाटेचा माथा मध्यावर आला की दोन्ही टोकं पाण्याबाहेर येतात, पाण्यालगतची रुंदी घटते आणि जीएम घसरते. दोन्ही टोकांना माथे आणि मध्यावर दरी आली की ती वाढते. एका लाटेनंतर दुसरी लाट गाठायला लागणारा वेळ जहाजाच्या डोलण्याच्या कालावधीच्या निम्म्याशी जुळला की दर लाटेला थोडं थोडं खतपाणी मिळत जातं. याला पॅरामेट्रिक रोलिंग म्हणतात. उपाय सोपा आहे, वेग किंवा दिशा बदला. पण काळोख्या रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या असलेल्या माणसाला ते वेळेत कळायला हवं.

आता एक गोष्ट जी विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो. नुसत्या जीएमवर विसंबू नका. 1870 सालची ब्रिटिश युद्धनौका ‘एचएमएस कॅप्टन’ घ्या. कूपर कोल्स या नौदल अधिकाऱ्याने फिरत्या बुरुजातल्या तोफांची कल्पना लावून धरली होती. तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून डेक पाण्याच्या जवळ ठेवलं, आणि वर पूर्ण शिडांचा पसारा. आराखड्यात फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून डेकपर्यंतची उंची, आठ फूट होती. बांधताना वजन वाढत गेलं आणि प्रत्यक्षात ती साडेसहा फुटांच्या आसपास आली. नौदलाचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड याचा विरोध होता, पण वर्तमानपत्रं आणि संसद कोल्सच्या बाजूने. 6 सप्टेंबरच्या रात्री स्पेनच्या फिनिस्टेर टोकाजवळ वादळ झालं आणि मध्यरात्रीनंतर ‘कॅप्टन’ उलटली. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली, त्यात खुद्द कोल्सही. त्याच ताफ्यात रीडने आखलेली ‘मोनार्क’ होती, तीही बुरुजवाली, तिलाही शिडं. ती त्याच वादळातून सुखरूप निघाली.

दोघींची जीएम जवळपास सारखीच होती. फरक पुढे होता. जहाज कलताना जी आणि पाण्याच्या रेट्याची रेषा यांच्यातलं आडवं अंतर म्हणजे सावरणारी भुजा. ही भुजा कोनाबरोबर वाढत जाते, पण डेकची कड पाण्यात बुडाली की वाढ खुंटते आणि मग ती घटायला लागते. ‘कॅप्टन’ची भुजा 21 अंशांवरच शिखर गाठून उतरणीला लागत होती, ‘मोनार्क’ची 40 अंशांपर्यंत वाढत होती. शांत बंदरात दोघी सारख्याच ताठ वाटल्या असत्या. जीएम सांगते सुरुवात कशी आहे. किती लांबपर्यंत टिकेल ते सांगतो भुजेचा आलेख.

आजचे आंतरराष्ट्रीय निकष या आलेखावरच आहेत. त्यांचं मूळ फिनलंडच्या याक्को राहोला याच्या 1939 च्या प्रबंधात आहे. त्याने उलटलेल्या जहाजांचे आलेख तपासून कुठल्या मर्यादेखाली धोका सुरू होतो ते काढलं. नियम असा: जीएम किमान 0.15 मीटर. भुजा 30 अंश किंवा त्यापुढे किमान 0.20 मीटर. शिखर 25 अंशांच्या आत नको. शिवाय आलेखाखालच्या क्षेत्रफळाच्या अटी. 0.15 मीटर म्हणजे वीतभरही नाही, हे ऐकून लोक दचकतात. ते किमान आहे, रोजचं नव्हे.

उलटणाऱ्या जहाजांत सगळ्यात प्रसिद्ध स्वीडनचं ‘वासा’. 10 ऑगस्ट 1628 ला स्टॉकहोमहून निघालं, 64 तोफा घेऊन, आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन वाऱ्याच्या एका झोताने कललं. खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यातून पाणी आत आलं, खेळ खलास. पण मला त्यातला अस्वस्थ करणारा भाग वेगळा वाटतो. निघण्याआधी जहाज धक्क्याला बांधलेलं असताना 30 माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं होतं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की हजर असलेल्या ॲडमिरलने चाचणी थांबवली. म्हणजे कळलं होतं. मुख्य बांधणारा वर्षभर आधी वारला होता, राजा लढाईवर होता आणि जहाजाची घाई करत होता. मोजमाप हातात असताना जहाज सोडलं. चौकशी झाली, दोषी कोणीच ठरलं नाही.

आम्ही आज जी चाचणी करतो ती त्याच जातीची, फक्त माणसं पळवत नाही. तिला इन्क्लायनिंग म्हणतात. जहाज बांधून होत आलं की शांत सकाळी, वारा उठायच्या आत करायची. दोऱ्या सैल, गँगवे काढलेला, टाक्या एकतर पूर्ण कोरड्या नाहीतर काठोकाठ. अनावश्यक माणसं खाली उतरवलेली, बाकीच्यांनी आपापली जागा सोडायची नाही. होल्डमध्ये पाच-सहा मीटर लांबीच्या तारेला ओळंबा सोडायचा, त्याला पंख लावून तेलाच्या परातीत बुडवायचा म्हणजे तो थरथरत नाही. शेजारी पट्टी. मग क्रेनने सिमेंटचे ठोकळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. समजा 5000 टनांचं जहाज, 15 टनांचा ठोकळा 10 मीटर सरकवला, आणि 6 मीटरच्या तारेवरचा ओळंबा 150 मिलिमीटर हलला. 150 टन-मीटर भागिले 5000, भागिले 0.025: जीएम 1.2 मीटर. एवढ्या अवाढव्य वस्तूचं भवितव्य पट्टीवरच्या मिलिमीटरांतून निघतं, आणि पट्टी वाचणाऱ्याच्या मानेला रग लागते.

ठोकळे आठ वेळा सरकवतात आणि आलेख काढतात. बिंदू एका सरळ रेषेत यायला हवेत. रेषा वाकली तर काहीतरी लपलं आहे. कुठे दोरी ताणली गेली, कुठे तळ चिखलाला टेकला, नाहीतर कुठे पाणी. एका यार्डात आमची रेषा वाकत होती. सुपरवायझर सांगत होता टाक्या कोरड्या आहेत. मॅनहोल उघडायला लावलं तर एका टाकीत गुडघाभर पाणी निघालं. चाचणी दुसऱ्या दिवशी.

गुडघाभर पाण्याने एवढं काय बिघडतं? इथूनच खरा विषय सुरू होतो. परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा. परात जरा तिरकी झाली की पाणी नेमकं उतरत्या बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. अर्धवट भरलेल्या टाकीत तेच होतं. आम्ही याला फ्री सरफेस म्हणतो. यात पाणी किती खोल याला महत्त्व नाही, मोकळा पृष्ठभाग किती रुंद याला आहे, आणि तोही रुंदीच्या घनात. 20,000 टनांच्या जहाजात 20 मीटर लांब, 24 मीटर रुंद अशी एक टाकी अर्धवट असेल तर तिच्यापायी जीएम जवळजवळ 1.2 मीटरने घटते. त्याच टाकीत मधोमध एक उभी भिंत घातली की नुकसान चौथ्या हिश्शावर, 0.3 मीटरवर येतं. दोन भिंती घातल्या तर नवव्या हिश्शावर. टँकरचं पोट उभ्या भिंतींनी विभागलेलं असतं त्यामागे हे एक मोठं कारण.

आणि गाड्या नेणाऱ्या फेरीचा डेक? तो मुद्दाम मोकळा, कारण ट्रक एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरायचे असतात. 6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ निघाली ती पुढचे दरवाजे उघडे ठेवून. ते बंद करणारा खलाशी झोपला होता, आणि दरवाजे लागलेत का हे ब्रिजवर दाखवणारा दिवाही नव्हता. वेग घेताच पाणी गाड्यांच्या डेकवर पसरलं आणि अवघ्या दीड मिनिटात बोट आडवी झाली. 193 माणसं गेली. समुद्र शांत होता.

आग विझवतानाही हेच होतं. 1942 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या धक्क्याला ‘नॉर्मंडी’ या अजस्र फ्रेंच प्रवासी जहाजाला आग लागली. बंबांनी वरच्या मजल्यांवर पाण्याचा मारा केला. जहाजाचा रचनाकार व्लादिमीर युर्केविच स्वतः धक्क्यावर येऊन सांगायला धडपडत होता: तळाचे व्हॉल्व्ह उघडा, जहाज जागीच खाली बसू द्या. त्याला जवळ येऊ दिलं नाही. मध्यरात्रीनंतर जहाज आडवं झालं. आपल्याकडे जुलै 2024 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली, आणि आग आटोक्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी ती कलत जाऊन धक्क्यालगत एका कुशीवर विसावली. त्या घटनेतलं नेमकं काय ते चौकशीवर सोडू. पण वरच्या मजल्यावर ओतलेलं प्रत्येक टन पाणी जी वर नेतं आणि मोकळा पृष्ठभागही तयार करतं, हे जहाजावरची आग विझवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असावं लागतं.

कोरडा दिसणारा मालही पाण्यासारखा वागू शकतो, आणि हे गोव्या-कर्नाटकाच्या वाचकांना माहीत असायला हवं. खनिज लोखंडाची बारीक भुकटी, जिला बाजारात फाइन्स म्हणतात, उघड्या ढिगाऱ्यात पावसात भिजते. जहाजात भरताना ती घट्ट मातीसारखी वाटते. समुद्रात इंजिनाच्या थरथरीने आणि हेलकाव्यांनी कण दाबले जातात, मधलं पाणी सुटतं आणि होल्डमधला हजारो टन माल अचानक लगद्यासारखा वाहायला लागतो. जहाज एका बाजूला कलतं, लगदा तिकडे जातो आणि परत येताना पूर्ण येत नाही. 2009 च्या पावसाळ्यात भारतीय बंदरांतून हा माल भरलेली दोन जहाजं बुडाली: जुलैत मंगळुरूजवळ ‘एशियन फॉरेस्ट’, सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. 2015 च्या सुरुवातीला मलेशियातून बॉक्साइट घेऊन निघालेल्या ‘बल्क ज्युपिटर’वरच्या 19 पैकी एकच माणूस वाचला.

चीफ ऑफिसरसाठी धक्क्यावर करायची एक साधी तपासणी आहे. अर्धा ते एक लिटरचा डबा मालाने अर्धा भरायचा आणि कडक जमिनीवर वीतभर उंचीवरून, नेमकं सांगायचं तर 20 सेंटिमीटरवरून, 25 वेळा आपटायचा, दर एक-दोन सेकंदांनी एकदा. वर पाणी चमकलं किंवा माल पातळ झाला तर भरणं थांबवून प्रयोगशाळेचा दाखला मागायचा. पाणी दिसलं नाही म्हणून माल सुरक्षित असं मात्र ठरत नाही, आणि घाईतला एजंट नेमका तोच अर्थ काढतो. पावसाळ्यात बंदरावर डबा आपटणाऱ्या ऑफिसरकडे सगळे वैतागून बघतात. त्याने आपटत राहावं.

शेवटचा प्रकार कागदाचा. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ब्रन्सविक बंदरातून ‘गोल्डन रे’ निघालं, पोटात चार हजारांहून जास्त गाड्या. खाडीतल्या वळणावर सुकाणू फिरवलं आणि जहाज कलत कलत आडवंच झालं. बंदरातून जहाज बाहेर नेणारा पायलट अनुभवी, हवा चांगली, वळण नेहमीचं. चौकशीत निघालं की स्थिरता काढणाऱ्या संगणकात बॅलास्टचे आकडे चुकीचे भरले गेले होते; पडद्यावर जहाज होतं त्यापेक्षा जास्त स्थिर दिसत होतं. सगळी 24 माणसं वाचली, त्यातले चार इंजिनिअर दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. जहाजाचे आठ तुकडे करून ते हलवायला 2021 चा शरद उजाडला. गाड्या वाहणारी जहाजं उंच भिंतींची, आणि गाड्या हलक्या, म्हणून त्यांना बॅलास्टचा आधार लागतोच. तो किती आहे याच्यात चूक झाली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

आता ‘रामदास’. 17 जुलै 1947, सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट. गटारी अमावास्येचा दिवस, म्हणून घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. पावसाळी वारा, उसळलेला समुद्र. काशाच्या खडकाजवळ बोटीत पाणी आलं, लोक घाबरून एका बाजूला लोटले आणि ती उलटली. सहाशेहून जास्त बळी. रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी जमतील तेवढे लोक आपल्या होड्यांत ओढून घेतले.

गर्दीचा जोर आकड्यांत बघा. पुढचे आकडे ‘रामदास’चे नाहीत, उदाहरणादाखल आहेत. 400 टनांची बोट, जीएम 0.6 मीटर. 500 माणसं, प्रत्येकी 75 किलो, म्हणजे 37.5 टन. ही सगळी सरासरी 3 मीटर एका बाजूला सरकली तर 112 टन-मीटरचा जोर. 400 गुणिले 0.6 म्हणजे 240. कलण्याचा कोन साधारण 25 अंश. इतकं कललं की छोट्या बोटीची डेकची कड पाण्यात जाते, वर सांगितलेली भुजा उतरणीला लागते, आत पाणी येतं, फ्री सरफेस सुरू होतो, आणि वरच्या बाजूचे लोक घसरून खालच्या बाजूला पडतात. मग एकाही लाटेची गरज उरत नाही. आजचे नियम म्हणतात की सगळे प्रवासी एका बाजूला गेले तरी बोट 10 अंशांहून जास्त कलू नये, आणि तेही परवान्यावर लिहिलेल्या प्रवासीसंख्येला धरून. संख्या ओलांडली की गणित रद्द.

तेव्हा मांडव्याच्या लाँचसाठी. परवान्याची प्रवासीसंख्या आत कुठेतरी रंगवलेली असते, ती शोधा आणि डोकी अंदाजे मोजा. वरच्या मजल्यावर किती जण बसलेत ते बघा. तिथलं प्रत्येक माणूस जी वर नेतं. समुद्रपक्ष्यांना खाऊ घालायला सगळे एका कठड्याला लोटतात तेव्हा तुम्ही मध्ये थांबा, आणि तांडेल ओरडला तर त्याचं ऐका. अजून एक गोष्ट घड्याळावर करता येते. लाँच जेट्टी सोडून मोकळ्यावर आली की ती एका बाजूला पूर्ण कलल्यापासून परत त्याच बाजूला पूर्ण कलेपर्यंतचे सेकंद मोजा, सात-आठ हेलकाव्यांची सरासरी काढा. छोट्या जहाजांची जीएम तपासायला हीच पद्धत आंतरराष्ट्रीय नियमांतही दिली आहे. 5 मीटर रुंद लाँच चार सेकंदांत झटकन परतत असेल तर पोटात ढवळेल, पण जीएम मीटरभर आहे. तीच लाँच सावकाश, सात सेकंद घेऊन डोलायला लागली आणि प्रत्येक कलण्याच्या टोकाला क्षणभर रेंगाळायला लागली, तर जीएम एक तृतीयांशावर आली आहे. प्रवाशांना हा हेलकावा जास्त सुखाचा वाटतो. तुम्ही मात्र वरून खालच्या मजल्यावर या, शेजाऱ्यांनाही आणा आणि तांडेलला सांगा.